गुहेत आणखी कोण होतं? केव्हिंगच्या मौखिक इतिहासाची चिकित्सा



गुहा, आणि त्यांत उतरणाऱ्या लोकांच्या मुलाखती, यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे, आणि तेही मराठीत, अशी शंका आजचा विषय वाचून अनेकांच्या मनात आली असणार. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

मराठीत गुहा म्हटलं की अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे डोळ्यांसमोर येतात. खरं तर ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेली. आज ज्या गुहांबद्दल बोलायचं आहे, त्या पाण्याने कोरलेल्या आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडीच्या फटींतून झिरपतं आणि हजारो-लाखो वर्षं दगड विरघळवत भुयारं तयार करतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यामुळे अशी मैलोगणती भुयारं आपल्या वाट्याला आलेली नाहीत, आणि त्यांत शिरण्याचा छंदही फारसा आलेला नाही. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि आपल्याच देशात मेघालय, इथे मात्र हा छंद पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. त्याला केव्हिंग म्हणतात आणि तो करणाऱ्यांना केव्हर.

या केव्हर मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जपण्याचं काम बऱ्याच ठिकाणी चालू आहे. ते काम चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार वेगळी आहे. या मुलाखती बहुधा त्याच माणसांना त्याच गोष्टी विचारतात, ज्या गोष्टी छापील कागदात आधीच आलेल्या असतात. जे कागदावर कधीच आलं नाही, ते मुलाखतीतूनही निसटतं. हे का होतं आणि ते टाळता कसं येईल, हा आजचा मुद्दा.

अंधारातला साक्षीदार

गिर्यारोहणाशी तुलना करू. डोंगर चढणारा माणूस खालून दिसतो. दुर्बिणीतून पाहता येतं, गावकरी पाहतात, फोटो निघतात. गुहेत असं काही नाही. आत गेलेली दोन-चार-सहा माणसं, एवढेच साक्षीदार. त्यांनी बाहेर येऊन जे सांगितलं, तेच घडलं असं आपण धरतो. बाहेर थांबलेल्याला आतलं काही कळत नाही, ही या छंदाची जुनीच अडचण आहे. फ्रान्सचा एदुआर आल्फ्रेद मार्तेल १८९५ साली यॉर्कशायरमधल्या गेपिंग गिल या सुमारे शंभर मीटर खोल विवरात दोरीच्या शिडीने उतरला, तेव्हा त्याने बरोबर टेलिफोन नेला होता. म्हणजे आतला आवाज बाहेर आणण्याची खटपट या छंदाइतकीच जुनी आहे.

बाहेर आल्यावर केव्हर दोन प्रकारचे कागद मागे ठेवतात. एक नकाशा. टेप, होकायंत्र आणि उताराचा कोन मोजायचं साधन घेऊन भुयार तुकड्या-तुकड्याने मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. दुसरा कागद म्हणजे क्लबचं नियतकालिक किंवा मोहिमेचा अहवाल. दोन्ही अतिशय काटेकोर असतात. कोणत्या तारखेला, किती लांब, किती खोल, पुढे वाट आहे की नाही, हे सगळं त्यांत येतं. पण नकाशावर भीती नसते. थकवा नसतो. दोरी वाहून नेणारा नसतो. अमुक ठिकाणी एक जण रडवेला झाला आणि सगळे मागे फिरले, हे नकाशा सांगत नाही. तिथे फक्त रेघ संपते.

म्हणून मौखिक इतिहास लागतो. नुसतं ‘म्हाताऱ्यांच्या आठवणी गोड असतात’ म्हणून नव्हे. जिथे दुसरा साक्षीदारच नाही, तिथे माणसाचं बोलणं हाच पुरावा असतो, आणि पुरावा म्हटला की तो तपासावाही लागतो.

एक मुलाखत, जिचा आवाज उरला नाही

केव्हिंगच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली मुलाखत भुयाराच्या आतच झाली. ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स नावाचा माणूस सँड केव्ह या गुहेत अडकला. परतताना एक दगड घसरून त्याच्या पायावर पडला आणि पाय पाचरीसारखा घट्ट बसला. तो जमिनीखाली अवघ्या ५५ फुटांच्या आसपास होता. लुईव्हिलच्या ‘कुरिअर-जर्नल’ या दैनिकाचा तरुण वार्ताहर विल्यम बर्क मिलर तिथे पोहोचला. अंगाने इतका लहानखुरा, की त्याचं टोपणनाव ‘स्कीट्स’, म्हणजे डास, असं पडलं होतं. मोठी माणसं जिथे जाऊ शकत नव्हती, तिथे हा सरपटत गेला, एकदा नव्हे तर अनेकदा. त्याने कॉलिन्सला खायला दिलं, सुटकेसाठी खटपट केली आणि त्याच्याशी बोलला. त्या बोलण्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. ४ फेब्रुवारीला वाट कोसळून बंद झाली. शेजारून खड्डा खणत लोक १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोहोचले, तोवर तो गेलेला होता. पुढच्या वर्षी मिलरला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

यात आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली. कॉलिन्सचा आवाज कुठेही नोंदलेला नाही. जे आहे ते मिलरने ऐकलेलं आणि वर्तमानपत्राच्या भाषेत लिहिलेलं. पण त्याच वर्षी कॉलिन्सच्या मरणावर अँड्र्यू जेंकिन्सने गाणं रचलं, व्हर्नन डॅलहार्टने ते गायलं आणि त्याची तबकडी घरोघर वाजली. माणसाचा आवाज नाही, त्याच्यावरच्या गाण्याचा मात्र आहे. दंतकथा खऱ्या बोलण्याच्या आधी ध्वनिमुद्रित होते, याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

दुसरी. तो अडकलेला असतानाच अफवा पसरल्या, की हे सगळं प्रसिद्धीसाठी रचलेलं नाटक आहे. त्यावर सैनिकी चौकशी बसली आणि लोकांच्या साक्षी झाल्या. म्हणजे शपथेवरचं बोलणंही आहे. पण साक्ष आणि मुलाखत यांत फरक असतो. साक्षीत माणूस स्वतःला वाचवत बोलतो. दोष कुणाचा, एवढंच तिथे विचारलेलं असतं.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. रॉबर्ट मरे आणि रॉजर ब्रकर यांचं या घटनेवरचं ‘ट्रॅप्ड!’ हे पुस्तक १९७९ मध्ये आलं, म्हणजे चोपन्न वर्षांनी. मरे इतिहासाचे प्राध्यापक, ब्रकर स्वतः मुरलेले केव्हर. त्यांनी वर्तमानपत्रं आणि साक्षी वाचल्याच, शिवाय हयात असलेल्या संबंधितांशी बोलले. इथे जोडी बघा. एकाला कागद वाचता येतात, दुसऱ्याला भुयार वाचता येतं. ‘तिथे वळायला जागा होती का?’ हा प्रश्न नुसत्या इतिहासकाराला सुचणार नाही. आणि ‘हे तुम्ही तेव्हा साक्षीत का सांगितलं नाही?’ हा नुसत्या केव्हरला सुचणार नाही. केव्हिंगची चांगली मुलाखत घ्यायला ही दोन्ही डोकी लागतात, असं आमचं मत आहे.

धुराने लिहिलेली नावं

आता त्याच केंटकीत, थोड्याच अंतरावर जाऊ. मॅमथ केव्ह ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. आजवर ६७५ किलोमीटरहून अधिक मोजून झाली आहे. तिचा इतिहास सांगताना स्टीफन बिशप हे नाव येतंच. १८३८ साली हा कोवळा तरुण तिथे गाईड म्हणून आला. तो गुलाम होता. ‘बॉटमलेस पिट’ नावाचं विवर ओलांडून पलीकडे जाणारा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पलीकडची नवीन भुयारं शोधली आणि १८४२ मध्ये गुहेचा नकाशा आठवणीतून काढला. १८५६ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी वारला.

त्याच्याच बरोबरीचे मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड. तेही गुलाम, मालकाने वार्षिक भाड्यावर गुहेत कामाला दिलेले. पुढे ब्रॅन्सफर्ड घराण्यातल्या पिढ्या गाईड झाल्या. मग १९४१ साली राष्ट्रीय उद्यान रीतसर अस्तित्वात आलं. उद्यानासाठी शेकडो कुटुंबांना जागा सोडावी लागली, आणि काळ्या गाईडांची शंभर वर्षांची परंपराही तिथेच तुटली. सरकारी नोकरीत त्यांना घेतलं नाही. या घराण्यातले जेरी ब्रॅन्सफर्ड २००४ मध्ये तिथे गाईड म्हणून रुजू झाले, तेव्हा मध्ये साठेक वर्षांचं अंतर पडलं होतं.

आता मौखिक इतिहासाच्या दृष्टीने विचार करा. ही शंभर वर्षं कागदावर कुणी लिहिली? बहुतेक करून पाहुण्यांनी. गुहा पाहायला आलेल्या गोऱ्या प्रवाशांनी प्रवासवर्णनं लिहिली, त्यांत गाईड हा गुहेच्या नवलाईचा एक भाग. त्याने काय पाहिलं, त्याला काय वाटलं, हे नाही. जे उरलं ते दोन ठिकाणी. एक, घरात तोंडी सांगितलेल्या गोष्टी. दुसरं, गुहेच्या भिंती आणि छतं. मेणबत्तीच्या धुराने गाईडांनी स्वतःची नावं लिहून ठेवली आहेत. लिहायला-वाचायला शिकणं ज्यांना सहज मिळालं नव्हतं, त्यांची ही अक्षरं आहेत.

इथे आपल्याला अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर, जुन्या चित्रावर, आपलं नाव आणि तारीख कोरली. ते नाव आजही दाखवतात. आसपासच्या लोकांना ती जागा माहीत होतीच. पण त्यांच्यातल्या कुणाचं नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलं? भिंतीवर नाव लिहिण्याची कृती दोन्हीकडे एकच आहे. एका ठिकाणी ती मिरवणं आहे, दुसऱ्या ठिकाणी ती जवळजवळ एकमेव नोंद आहे. तेव्हा ‘शोध कुणी लावला’ हा प्रश्न मुलाखतीत पहिला विचारू नये, असं आम्ही म्हणतो, त्याचं कारण हे आहे. तो प्रश्न विचारला की उत्तरात एकच नाव येतं.

मॅमथ केव्हमध्येच घडलेली आणखी एक गोष्ट. ९ सप्टेंबर १९७२ रोजी फ्लिंट रिजखालची गुहा आणि मॅमथ केव्ह जोडलेल्या आहेत, हे केव्हरांच्या एका तुकडीने प्रत्यक्ष चालून सिद्ध केलं. केव्हिंगमधला हा मोठा पराक्रम मानतात, आणि तो आहेच. पण त्या वाटेवर त्यांना भिंतीवर एक खूण दिसली : ‘पीट एच’ आणि शेजारी बाण. पीट हॅन्सन या गाईडची ती खूण होती. म्हणजे त्या तुकडीच्या आधी कितीतरी वर्षं एक स्थानिक माणूस तिथवर येऊन गेला होता. त्याची मुलाखत कुणी घेतली नाही. घेतली असती, तर १९७२ ची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगावी लागली असती.

कार्बाइडचा वास आणि न बोललेलं दुःख

आता ब्रिटनकडे येऊ, कारण मुलाखतींचं पद्धतशीर काम तिथे झालं आहे. डर्बीशायरमधल्या ब्रिटिश केव्हिंग लायब्ररीने ज्येष्ठ केव्हरांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत. या प्रकारच्या संग्रहाचं खरं मोल शोधांच्या कहाण्यांत आहे असं आम्हाला वाटत नाही. ते आहे रोजच्या, हाताशी असलेल्या गोष्टींत.

उदाहरणार्थ दिवा. आपल्याकडेही जुन्या बाजारांत, जत्रांत कार्बाइडचे दिवे असत. काही श्रोत्यांना आठवत असतील. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की अॅसिटिलीन वायू निघतो आणि पांढरी ज्योत पेटते. केव्हरांनी तो दिवा डोक्यावर लावून कित्येक दशकं काढली. त्याचा तो उग्र वास, सूं-सूं आवाज, धबधब्याखाली विझणं, थंडीत त्याच्यावर हात शेकणं, वापरलेल्या कार्बाइडचा राडा. हे अहवालात कोण लिहील? सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणीच लिहिलं नाही. आज दिवे एलईडीचे आहेत. ज्याने कार्बाइड वापरला, तो बोलला तरच ते कळणार. तीच गोष्ट भिजून जड होणाऱ्या तागाच्या दोरांची, लाकडी पायऱ्यांच्या शिड्यांची, वेटसूट येण्यापूर्वी लोकरीचे जुने कपडे घालून बर्फासारख्या पाण्यात उतरण्याची. नंतर तारेच्या शिड्या आल्या, सत्तरच्या दशकात एकाच दोरावर चढण्या-उतरण्याचं तंत्र रुळलं. प्रत्येक बदलाबरोबर शरीराला कळलेलं एक ज्ञान निरुपयोगी झालं. इतिहासकार जे ‘तंत्रज्ञानातला बदल’ म्हणून एका ओळीत लिहितात, ते मुलाखतीत दुखऱ्या खांद्यांसकट येतं.

हे झालं मोल. आता अवघड भाग.

२४ जून १९६७ रोजी यॉर्कशायरमधल्या मॉसडेल केव्हर्न्समध्ये दहा जणांची तुकडी उतरली. त्यांतले चार जण लवकर बाहेर आले. नंतर पाऊस पडला, ओढा चढला आणि आत राहिलेले सहाही जण बुडून मेले. लवकर बाहेर आलेल्यांपैकी एका तरुणीने पाणी चढलेलं पाहिलं आणि माळरान तुडवत मदतीसाठी धाव घेतली. ती आत राहिलेल्यांपैकी एकाची वाग्दत्त वधू होती. शेकडो लोक जमले, ओढा वळवण्यासाठी चर खणले. ब्रिटिश केव्हिंगमधला हा सर्वांत मोठा अपघात. मृतदेह बाहेर काढले नाहीत; ते आतच राहिले.

अशा घटनेच्या वेळी तिथे असलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची, म्हणजे काय विचारायचं? घटनाक्रम विचारून काय मिळणार? तो चौकशीत नोंदलेला आहे. आणि ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ हा टीव्हीवरचा प्रश्न विचारला, तर माणूस एकतर गप्प होतो किंवा आधी पन्नासदा सांगितलेलं घोटीव वाक्य सांगतो. आमच्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे : त्यानंतरच्या रविवारी तुम्ही काय केलंत? पुन्हा गुहेत कधी उतरलात? कुणाबरोबर? घरच्यांनी काय म्हटलं? क्लबात त्याबद्दल बोलणं व्हायचं, की विषय टाळायचे? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही चौकशीत नाहीत. बचावकार्याला गेलेली, तेव्हा विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. वेळ फार नाही.

पण घाईतही एक गोष्ट पाळायला हवी. न सांगण्याचा हक्क. मुलाखत दिलेल्या माणसाला ‘हा भाग माझ्या हयातीत कुणाला ऐकवू नका’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि संग्रहाने ते कसोशीने पाळलं पाहिजे. सहा घरांचं दुःख ज्यात आहे, ते सगळं दुसऱ्या दिवशी नेटवर चढवणं म्हणजे इतिहास जपणं नव्हे.

आठवण चुकते तेव्हा

‘म्हाताऱ्या माणसांना तारखा आठवत नाहीत, मग या मुलाखतींवर विश्वास कसा ठेवायचा?’ हा आक्षेप नेहमी येतो. इटलीचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातले अनेक जण सांगताना त्याचं मरण १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी घडलं असं सांगत. पोर्तेल्लींचं म्हणणं असं, की ही चूक आहेच. पण लोकांच्या मनात ते मरण कशाशी जोडलं गेलं, हे त्या चुकीतूनच कळतं. हेच पोर्तेल्ली पुढे केंटकीतल्या हार्लन परगण्यात खाणकामगारांशी वर्षानुवर्षं बोलत राहिले.

केव्हिंगला हे नीट लागू पडतं. एखादा म्हातारा केव्हर सांगतो, की ती फट चाळीस फुटांची होती, आणि नकाशावर ती पंधरा भरते. इथे नकाशा बरोबर आहे. पण चाळीस हा आकडा अंधारात पोटावर सरकताना लागलेल्या वेळाचा आहे. दोन्ही ठेवावेत. फक्त एक करू नये : मुलाखतीचं शब्दांकन करताना चाळीसचे गुपचूप पंधरा करू नयेत. संपादकाचा हात इथे फार शिवशिवतो.

शब्दांकनाबद्दलही बोललं पाहिजे. आज आम्ही बोलतोय ते उद्या शब्दांकित होऊन येईल, त्यात आमची चाचपड गाळलेली असेल, आणि व्याख्यानाच्या बाबतीत ते चालतं. मौखिक इतिहासात चालत नाही. ‘मग... मग आम्ही परत फिरलो’ यात दोन ‘मग’च्या मध्ये पाच सेकंदांची शांतता असेल, तर इतिहास त्या शांततेत आहे. यावर तांत्रिक उपाय निघालेला आहे. केंटकी विद्यापीठाच्या लुई नन मौखिक इतिहास केंद्राने एक प्रणाली बनवली, जिच्यात लेखी मजकुरातल्या ओळीवरून थेट त्या क्षणाच्या आवाजावर जाता येतं. मजकूर शोधायला, आवाज ऐकायला. प्रत्येक संग्रहाने निदान एवढं करावं.

आपल्याकडे काय

मेघालयाकडे वळू. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९२ पासून तिथे स्थानिक मेघालय अॅडव्हेंचरर्स असोसिएशन आणि परदेशी, मुख्यतः ब्रिटिश केव्हर यांच्या संयुक्त मोहिमा होत आल्या आहेत आणि शेकडो किलोमीटर भुयारं मोजून झाली आहेत. क्रेम लियात प्राह ही एकटीच तीसेक किलोमीटर भरते. चेरापुंजीजवळच्या क्रेम मॉमलूहमधल्या एका स्टॅलग्माइटच्या थरांवरून तर भूशास्त्राने २०१८ मध्ये आजपासून मागे ४,२०० वर्षांपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ असं नाव दिलं. म्हणजे त्या गुहेतल्या दगडाची साक्ष जगाने काढली.

माणसांची काढली का? कुठल्याही मोहिमेत पहिली गोष्ट म्हणजे गुहेचं तोंड सापडणं, आणि ते गावच्या माणसाशिवाय सापडत नाही. शिकारी, मध गोळा करणारे, लहानपणी तिथे लपलेली मुलं. त्या भुयाराला काय नाव होतं, आत जायला मनाई होती का, कशासाठी होती, हे त्यांच्याकडे असतं. मोहिमेच्या अहवालात याबद्दल आभाराची एक ओळ येते. आणि तिथल्याच चुनखडीवर सिमेंट उद्योगाचा डोळा आहे, खाणी चालू आहेत. डोंगर फुटला की गुहा जाते. मग गोष्ट सांगायला जागाही उरत नाही. तेव्हा हे काम खासी आणि प्नार भाषांत, तिथल्या माणसांनी, आजच करायला हवं.

मराठी माणसाने यात शिकवायला जाण्याचं कारण नाही, पण एक दाखला आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाची आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर बाईचं नाव असतं आणि गाव असतं. ‘लोकसाहित्य’ म्हणून बेवारस करून टाकलेलं नाही. दळणाऱ्या बाईला कुणी इतिहास विचारत नव्हतं, तिला विचारला. आपली सह्याद्रीतली भटकंती मात्र इथे कमी पडते. किल्ल्यांवरच्या, घळींवरच्या आपल्या लेखनात ‘गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला’ हे वाक्य किती वेळा येतं, मोजून पाहा. आणि त्याचं नाव किती वेळा येतं, तेही मोजा.

थोडक्यात, अशी मुलाखत ऐकताना आम्ही चार गोष्टी तपासतो. बरोबर कोण होतं, हे नावांनिशी विचारलं आहे का? मागे कुठे फिरलात आणि का, हे विचारलं आहे का? वस्तूंबद्दल, म्हणजे दिवा, दोर, कपडे, जेवण, यांबद्दल विचारलं आहे का? आणि ज्याच्या जमिनीत ते तोंड आहे, त्या माणसापर्यंत मुलाखतकार गेला आहे का? चारही असतील, तर संग्रह लहान असला तरी तो मोठ्या कामाचा. नसतील, तर शेकडो तास ध्वनिमुद्रण असूनही हाती नियतकालिकातला तोच मजकूर पडतो, फक्त मोठ्याने वाचलेला.

*श्रोत्यांमधून प्रश्न : आपण सगळं मोबाइलवर मुद्रित करू शकतो. मग आता हे काम सोपं झालं नाही का?*

मुद्रण सोपं झालं, जपणं अवघड झालं. कॅसेट निदान कपाटात सापडायची. मोबाइल बदलला की फाइल गेली. मुद्रण झाल्याबरोबर दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा, आणि सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं आवाजात बोलून घ्या. फाइलचं नाव पुसलं गेलं तरी आवाजातलं नाव राहतं.

*प्रश्न : मुलाखत घेणारा स्वतः त्या छंदातला असला, तर तो आपल्याच मंडळींना अडचणीचं विचारेल का?*

बहुधा नाही विचारणार, आणि बाहेरच्याला काय विचारायचं ते कळणार नाही. म्हणूनच मघाशी जोडीचं बोललो. एक जण आतला, एक बाहेरचा. बाहेरच्याने भाबडेपणाने विचारावं, ‘म्हणजे सामान कोण उचलायचं?’ आतला माणूस हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक असतं. आणि उत्तर बहुतेक वेळा एखाद्या माणसाचं नाव असतं. ते नाव मुद्रित झालं, की त्या मुलाखतीने आपलं काम केलं.